मागे राहिलेली माणसं: क्रोएशियातल्या गावांमधल्या हत्या न्यायालयात कशा सिद्ध झाल्या

कायद्याच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न पाठवले आहेत. १९९१ मध्ये क्रोएशियातल्या खेड्यांमध्ये क्रोएट नागरिक मारले गेले आणि त्यातल्या बऱ्याच हत्यांसाठी क्रोएशियातल्या बंडखोर सर्बांचा नेता मिलान मार्तिच याला युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने ३५ वर्षांची शिक्षा दिली. गावांत हत्यारबंद माणसंही होती, मग मेलेले लोक नागरिकच होते हे कशावरून ठरलं? गोळ्या झाडणाऱ्यांत मार्तिच नव्हता, तरी तो दोषी कसा? आणि लढाई म्हटली की गावकरी मरतातच, मग यात गुन्हा नेमका कुठून सुरू होतो?

मी फौजदारी वकिली करतो आणि आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कायदा शिकवतो. युगोस्लाव्हियाविषयीचे निकाल हा माझ्या रोजच्या वाचनाचा भाग आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिले दोन सोपे होतात.

"युद्धात असं होतंच" हे वाक्य मला मान्य नाही. ते ऐकायला समंजस वाटतं, पण मारणाऱ्याला पाठीशी घालण्याचं काम त्याच्याइतकं दुसरं कुठलंच वाक्य करत नाही. एखाद्या गावाची फाइल समोर आली की मी दोन तारखा शेजारी शेजारी लिहितो. गाव ताब्यात आलं ती एक, आणि माणसं मेली ती दुसरी. या दोन तारखांमध्ये किती वेळ गेला आणि त्या वेळात कुणी काय केलं, यावर जवळजवळ सगळा खटला उभा असतो.

ह्रवात्स्का दुबित्सा हे गाव घ्या. उना नदीच्या काठावर, पलीकडे बोस्निया. क्रोएट आणि सर्ब अशी मिश्र वस्ती. शेजारी बाचिन आणि त्सेरोव्हल्यानी ही आणखी दोन गावं. १९९१ च्या सप्टेंबरच्या मध्यावर क्रोएशियाचे सैनिक आणि पोलीस ह्रवात्स्का दुबित्सामधून मागे हटले आणि त्यांच्यापाठोपाठ बहुतेक क्रोएट कुटुंबंही बाहेर पडली. मागे उरले साधारण साठेक क्रोएट, बहुतेक म्हातारे आणि बायका. ज्यांना चालवत नव्हतं, ज्यांच्या गोठ्यात जनावरं होती, ज्यांना वाटलं की आपण कुणाचं काय वाकडं केलंय, असे लोक. हे चित्र क्रोएशियापुरतं नाही. कुठल्याही युद्धात गाव रिकामं होताना घराला कुलूप लावायला तयार नसतात ती वयस्क माणसंच. या गावांत मेलेल्यांचं वय इतकं जास्त का, याचं उत्तर एवढंच आहे. मारणाऱ्यांनी म्हातारी माणसं निवडून काढली नव्हती, गावात तेवढीच उरली होती.

सैन्य गेल्यावर पाच आठवडे तिथे लढाई नव्हती. मग २० ऑक्टोबरला 'मिलित्सिया क्रायिने', म्हणजे क्रोएशियातल्या सर्बांनी स्वतंत्र घोषित केलेल्या क्रायिना या प्रदेशातल्या सत्तेचे पोलीस, गावात बस घेऊन फिरले. बैठक आहे, असं सांगून त्यांनी लोकांना घराघरांतून गोळा केलं आणि अग्निशमन दलाच्या इमारतीत आणून बसवलं. दिवसभर पहारा ठेवला. आणलेल्या लोकांपैकी दहाजणांना त्या दिवसात बाहेर पडता आलं, कारण ते स्वतः सर्ब होते किंवा त्यांचे सर्बांशी नातेसंबंध, ओळखीपाळखी होत्या. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी बाचिनजवळच्या क्रेचाने या नदीकाठच्या जागी नेऊन गोळ्या घातल्या. त्सेरोव्हल्यानीतही उरलेल्या लोकांना बैठकीचंच निमित्त सांगून गावच्या सभागृहात कोंडलं होतं. त्यांनाही मारलं. १९९७ मध्ये बाचिनची सामूहिक कबर उघडली तेव्हा तिच्यातून ५६ मृतदेह निघाले.

या हकिगतीत गुन्हा कुठे सुरू होतो ते पाहा. गोळी सुटली तिथे नाही. बसच्या फेरीपासून तो सुरू होतो. बैठकीची थाप, एक इमारत, तिच्या दारावर पहारा, कोण क्रोएट आणि कोण नाही याची छाननी, एक अख्खी रात्र, पुन्हा वाहन, आणि मग गावापासून दूरची जागा. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी थांबू शकत होतं. डोकं फिरलेल्या सैनिकाने धुमश्चक्रीत केलेली हत्या आणि हे यांत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या दहाजणांची सुटका हा तर आरोपी पक्षाच्या दृष्टीने सगळ्यात घातक पुरावा. ती दया वाटते, पण सुटकेचा आधार काय होता ते विचारलं की दिसतं, निवड वंशावरून चालली होती. सुटलेल्यांनीच पुढे आत काय घडलं ते न्यायालयाला सांगितलं.

आता पहिला प्रश्न, नागरिक कोण. बाचिनच्या बाबतीत तो फारसा उद्भवत नाही. आगीच्या बंबांच्या जागेत रात्रभर कोंडलेली आजी काही लढत नव्हती. खरा कस लागतो तो श्काब्रन्यासारख्या गावात.

श्काब्रन्या हे झादर शहराजवळचं, जवळजवळ संपूर्ण क्रोएट वस्तीचं शेतकरी गाव. शरद ऋतूत गावातले बरेच लोक सुरक्षित जागी गेले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शस्त्रसंधी झाली आणि तिच्या भरवशावर ते परतले. १८ नोव्हेंबर १९९१ ला सकाळी युगोस्लाव्ह सैन्याच्या क्निनमधल्या नवव्या कोअरने तोफा आणि रणगाड्यांसह हल्ला केला. सोबत स्थानिक सर्ब सशस्त्र तुकड्या होत्या. क्रोएशियातलं वुकोवार शहर पडलं तोच हा दिवस. त्या कोअरचा तेव्हाचा चीफ ऑफ स्टाफ रात्को म्लादिच, जो पुढे बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडासाठी जगभर कुप्रसिद्ध झाला. श्काब्रन्यात क्रोएट बाजूचे रक्षक होते आणि त्यांनी प्रतिकारही केला. म्हणजे इथे खरीखुरी लढाई झाली होती. बचाव पक्षाला म्हणायला जागा होती की मेलेले लोक लढाईत मेले.

न्यायालयाने काय केलं? माणसागणिक पाहिलं. गावकरी तळघरांमध्ये लपले होते. हत्यारबंद लोक तळघराच्या दाराशी येत, बाहेर या नाहीतर हातबॉम्ब टाकतो अशी धमकी देत, आणि बाहेर आलेल्यांतल्या काहींना तिथेच, घरच्यांच्या डोळ्यांदेखत मारत. जे वाचले त्यांनी साक्षी दिल्या. काही मृतदेह झादरला सोपवले गेले आणि त्यांचं शवविच्छेदन झालं. डोक्यात जवळून लागलेली गोळी ही तोफगोळ्याच्या तुकड्यापेक्षा वेगळी दिसते, आणि तळघरातून बाहेर आलेल्या म्हातारीच्या डोक्यात ती लागली असेल तर लढाईचं कारण तिथेच गळून पडतं. युद्ध संपल्यावर गावात सामूहिक कबर सापडली. साक्ष एकीकडून आणि जखम दुसरीकडून येते. दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात तेव्हाच नाव सिद्ध झालेल्यांच्या यादीत जातं.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्या दिवशी युगोस्लाव्ह सैन्यातल्याच काहींनी श्काब्रन्यातल्या काही नागरिकांना बाहेर काढून सुरक्षित जागी पोचवलं. निकालात हेही आहे. सैन्यात हुकूम चालत होते, नागरिकांना वाचवणं त्या सकाळी शक्य होतं, हे त्यातून दिसतं. ज्यांनी मारलं त्यांच्यासमोर तोच पर्याय होता.

नागरिक या संकल्पनेत विद्यार्थी नेहमी अडकतात, म्हणून थोडं थांबतो. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ५० सांगतं की शंका असेल तर माणसाला नागरिक समजा, आणि नागरी वस्तीत काही लढवय्ये असले म्हणून वस्तीचं नागरी स्वरूप जात नाही. हा नियम कुणासाठी आहे? बंदूक रोखलेल्या सैनिकासाठी. त्याने शंका आल्यास गोळी झाडू नये. पण तोच सैनिक किंवा त्याचा नेता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा पारडं फिरतं. तिथे शंकेचा फायदा आरोपीला. मेलेला माणूस नागरिक होता हे सरकारी पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं. म्हणून गावातल्या स्मारकावर कोरलेली नावं आणि निकालपत्रात सिद्ध मानलेली नावं यांची संख्या कधीच जुळत नाही. श्काब्रन्यात स्थानिक लोक युद्धातल्या एकूण बळींची संख्या ऐंशीच्या वर सांगतात. त्यात लढताना पडलेले आहेत आणि घरी परतल्यावर पेरलेल्या सुरुंगांनी घेतलेले बळीही आहेत. न्यायालयाची संख्या त्याहून बरीच लहान आहे. यावरून एक बाजू खोटं बोलते असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. स्मारक गावाच्या दुःखाची मोजदाद करतं. निकालपत्र फक्त एका आरोपीविरुद्ध, एका आरोपपत्रातल्या, संशयापलीकडे गेलेल्या मृत्यूंची.

याच खटल्यात कायद्याचा एक महत्त्वाचा मुद्दा निकाली निघाला. समजा एखादा रक्षक सकाळी लढला, दुपारी पकडला गेला, आणि निःशस्त्र अवस्थेत मारला गेला. तो नागरिक नाही. मग त्याची हत्या हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरेल का? खालच्या पीठाचं म्हणणं होतं, नाही. अपील पीठाने ८ ऑक्टोबर २००८ च्या निकालात ते दुरुस्त केलं. हल्ला नागरी लोकसंख्येवर रोखलेला असला पाहिजे, ही अट कायम. पण त्या हल्ल्यात बळी पडलेला प्रत्येक माणूस स्वतः नागरिक असलाच पाहिजे असं नाही. हत्यार खाली ठेवलेला किंवा पकडला गेलेला माणूसही त्या गुन्ह्याचा बळी असू शकतो. पुढच्या वर्षी वुकोवारच्या रुग्णालयातून नेलेल्या कैद्यांच्या खटल्यातही हाच प्रश्न अपिलात आला. परीक्षेसाठी एकच मुद्दा तयार करायचा असेल तर हा करा.

ब्रुश्का या वाडीवजा गावाचाही उल्लेख करतो, कारण मारणाऱ्यांची ओळख कशी पटते हे तिथे फार स्पष्ट दिसतं. २१ डिसेंबर १९९१ ची संध्याकाळ. लोक घरात बसलेले, दारावर थाप पडली, कोण आहे विचारल्यावर उत्तर आलं: मिलित्सिया क्रायिने. त्या रात्री दहा माणसं मेली. नऊ क्रोएट आणि त्यांच्याकडे पाहुणा आलेला एक सर्ब शेजारी. वाचलेल्याने दारावरचं ते उत्तर न्यायालयात सांगितलं. मारणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण तो कुठल्या दलाचा हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. आणि त्या सर्ब शेजाऱ्याबद्दल मला नेहमी वाटतं की दोन जमातींचं जुनं वैर म्हणून सगळं प्रकरण गुंडाळणाऱ्यांनी त्याच्या मृत्यूचं काय ते आधी सांगावं. तो डिसेंबरच्या त्या संध्याकाळी, युद्ध पेटलेलं असताना, क्रोएट शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसला होता.

दारावरच्या त्या दोन शब्दांमुळे आपण मार्तिचपाशी पोचतो. मार्तिच मुळात क्निनचा पोलीस अधिकारी. १९९१ मध्ये क्रायिनाच्या स्वयंघोषित सर्ब सत्तेचा गृहमंत्री झाला, १९९४ मध्ये तिचा राष्ट्राध्यक्ष. मे २००२ मध्ये तो शरण आला आणि १२ जून २००७ ला दोषी ठरला. झाग्रेब शहरावर मे १९९५ मध्ये डागलेल्या क्लस्टर रॉकेटांचा आरोपही त्याच खटल्यात होता, पण तो विषय इथे नको. बाचिन आणि ब्रुश्कात आलेले लोक ज्या दलाचे होते ते दल त्याच्या खात्याखाली होतं.

तेवढ्याने मंत्री खुनी ठरत नाही. मार्तिचला दोषी धरण्यासाठी वापरलेला सिद्धांत म्हणजे संयुक्त गुन्हेगारी योजना. मराठी वाचकाला, निदान वकिलाला, हा परका वाटू नये. आपल्या दंड संहितेचं कलम १४९ आठवा, आता भारतीय न्याय संहितेत ते १९० आहे. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एखाद्याने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येकजण दोषी. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग: उद्देश साधताना असा गुन्हा घडण्याची शक्यता आहे हे सभासदांना ठाऊक होतं, तरीही ते दोषी. मार्तिचच्या बाबतीत न्यायालयाने याच दुसऱ्या भागासारखा विचार केला. समान उद्देश काय होता? क्रोएट आणि इतर बिगरसर्ब लोकांना हुसकून लावून सर्बांचा सलग प्रदेश तयार करणं. हत्या हा त्या उद्देशाचा भाग होता असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. म्हटलं ते असं, की माणसांना बळाने हाकलण्याची मोहीम चालू असताना हत्या होणार हे त्याला दिसत होतं, होत असल्याचं कळतही होतं, आणि तरी तो त्या योजनेत राहिला, स्वतःचं पोलीस दल त्यासाठी वापरत राहिला.

या सिद्धांताच्या या विस्तारित रूपावर बरीच टीका झाली आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आपल्याकडच्या अशाच नियमाला, केवळ पूर्वकल्पनेवरून साथीदाराला खुनी ठरवण्याला, चुकीचं वळण म्हटलं. टीका मलाही गंभीर वाटते. एखाद्या हवालदाराला किंवा कारकुनाला या जाळ्यात ओढणं अन्यायाचं होईल. पण गृहमंत्र्याच्या बाबतीत मला अडचण वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये बाचिन घडतं, डिसेंबरमध्ये ब्रुश्का घडतं, आणि दोन्हीकडे त्याच दलाचं नाव येतं. यांमधल्या दोन महिन्यांत त्या दलाच्या प्रमुखाने काय केलं हा प्रश्न विचारायलाच हवा. मार्तिचच्या अपिलात काही ठिकाणच्या घटनांबाबतची दोषसिद्धी टिकली नाही, कारण तिथल्या मारेकऱ्यांचा आणि योजनेतल्या लोकांचा दुवा पुरेसा जोडला गेला नव्हता. शिक्षा मात्र ३५ वर्षांचीच राहिली आणि पुढे त्याला ती भोगण्यासाठी एस्टोनियाला पाठवलं गेलं.

हा दुवा जोडण्यात एका माणसाची साक्ष फार मोलाची होती. मिलान बाबिच, क्रायिनाच्या त्याच सत्तेतला मार्तिचचा सहकारी आणि प्रतिस्पर्धी. बाबिचने २००४ मध्ये स्वतःचा गुन्हा कबूल केला आणि त्याला १३ वर्षांची शिक्षा झाली. मार्तिचविरुद्ध साक्ष चालू असतानाच, उलटतपासणी पुरी होण्याआधी, मार्च २००६ मध्ये त्याने तुरुंगात आत्महत्या केली. अर्धवट उलटतपासणी झालेली साक्ष पुराव्यात ठेवायची की काढायची? न्यायालयाने ती ठेवली, पण आरोपीच्या कृतींबाबत तिला इतर पुराव्याचा आधार हवा, या सावधगिरीने. आपल्याकडेही साक्षीदार मध्येच वारला तर हा पेच येतो. आरोपीच्या हक्काचा आणि सत्याचा एकाच वेळी मान राखायचा तर याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

आता एक उलटं उदाहरण देतो, कारण ते वाचल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. बोस्नियात, नेरेत्वा नदीच्या खोऱ्यात, याब्लानित्सा आणि मोस्तार यांच्यामध्ये ग्राबोवित्सा नावाचं गाव आहे. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये तिथे क्रोएट कुटुंबं राहत होती आणि गाव बोस्नियन सरकारच्या सैन्याच्या ताब्यात होतं. बोस्नियातल्या क्रोएट सैन्याविरुद्धच्या नेरेत्वा मोहिमेसाठी सारायेव्होहून आलेल्या तुकड्यांच्या राहण्याची सोय या क्रोएट लोकांच्याच घरांत केली गेली. ८ आणि ९ सप्टेंबरला त्या सैनिकांनी आपल्या यजमानांनाच मारलं. समोर शत्रू नव्हता, गोळीबार नव्हता, गाव आधीपासून त्यांचंच होतं. आरोपपत्रात ३३ बळी होते. काहींचे मृतदेह कधी मिळालेच नाहीत. त्यानंतर १४ सप्टेंबरला उझदोल या क्रोएट गावावर हल्ला झाला आणि तिथेही नागरिक मारले गेले.

हेगमध्ये खटला चालला तो सेफेर हालिलोविच यांच्यावर, बोस्नियन सैन्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर. आरोप होता वरिष्ठाच्या जबाबदारीचा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. हाताखालच्या लोकांवर प्रत्यक्ष नियंत्रण, त्यांच्या गुन्ह्याची माहिती किंवा माहिती होण्याचं कारण, आणि रोखण्यात वा शिक्षा देण्यात कसूर. न्यायालयाने ग्राबोवित्सात आणि उझदोलमध्ये खून झाल्याचं मान्य केलं, यादीतल्या सगळ्या नावांबाबत नाही, पण बऱ्याच. आणि तरी १६ नोव्हेंबर २००५ ला हालिलोविच निर्दोष सुटले. दोन वर्षांनी अपिलातही तेच कायम राहिलं. कारण पहिलीच पायरी सिद्ध झाली नाही. त्या मोहिमेत ते एका पाहणी पथकाचे प्रमुख होते, त्या सैनिकांना हुकूम देण्याची आणि शिक्षा करण्याची प्रत्यक्ष ताकद त्यांच्याकडे होती हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही.

ग्राबोवित्सातल्या नातेवाइकांना हा निकाल किती कडू लागला असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो कायद्याने बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. हत्या सिद्ध होणं आणि समोरचा माणूस त्या हत्येला जबाबदार असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. प्रत्यक्ष मारणाऱ्या काही सैनिकांना सारायेव्होच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या. 'हेगने ग्राबोवित्सा नाकारलं' असं जे म्हटलं जातं ते खरं नाही. हेगने एका माणसाची जबाबदारी नाकारली. गावाचं दुःख त्याच निकालपत्रात नोंदलेलं आहे.

क्रोएट बळींविषयी लिहिताना एक गोष्ट टाळली जाते, ती इथे टाळणार नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने 'वादळ' मोहिमेत क्रायिना परत घेतला आणि सर्ब लोकसंख्या लोंढ्याने बाहेर पडली. मागे उरले ते पुन्हा म्हातारेच, या वेळी सर्ब. ग्रुबोरी या वस्तीत ऑगस्टच्या अखेरीस आणि वारिवोदेत २८ सप्टेंबरला त्यांना मारलं गेलं. वारिवोदेत नऊजण, मोहीम संपून सात आठवडे उलटल्यावर. पुन्हा तीच दोन तारखांमधली फट. वारिवोदेच्या हत्यांसाठी क्रोएशियाच्या न्यायालयांत अंतिम शिक्षा कुणालाही झाली नाही. बाचिनच्या बळींना न्याय मिळावा असं ज्याला वाटतं, त्याला हे खुपलं पाहिजे.

पुरावे मिळायला इतका उशीर का झाला, असंही तुम्ही ओघात विचारलं आहे. हत्या झाल्यावर ही गावं क्रायिनाच्या ताब्यात गेली आणि १९९५ पर्यंत तशीच राहिली. १९९२ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल आलं. त्याचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. पण ते दल आलं तेव्हा बाचिन, श्काब्रन्या, ब्रुश्का घडून गेलं होतं, आणि कबरी उकरण्याचा अधिकार शांतिदलाच्या कामात नव्हता. म्हणून बाचिनची माती १९९७ पर्यंत कुणी उलगडली नाही. साडेपाच वर्षांत मऊ ऊतींवरच्या खुणा जातात, उरतात ती हाडं, त्यातली गोळीची भोकं, कपडे, खिशातल्या वस्तू. ओळख पटवायला आधी नातेवाइकांनी ओळखलेले कपडे आणि दात, नंतर डीएनए. क्रोएशियात आजही दीड हजारांहून अधिक माणसं त्या युद्धातली बेपत्ता आहेत. त्यांच्या बाबतीत खटला तर दूरच, दफनही झालेलं नाही.

तुमचा प्रबंध भारतीय कायद्याशी जोडायचा आहे असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून शेवटी तेवढं सांगतो. आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालय ज्या कराराने स्थापन झालं त्या रोम संविधीवर भारताने सही केलेली नाही. जिनिव्हा करारांसाठी आपल्याकडे १९६० चा कायदा आहे, पण मानवतेविरुद्धचा गुन्हा अशी स्वतंत्र तरतूद ना जुन्या दंड संहितेत होती, ना नव्या न्याय संहितेत आली. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडातल्या एका प्रकरणात १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली आणि ती तातडीने भरून काढायला हवी असं सुचवलं. म्हणजे बाचिनसारखा प्रकार आपल्या न्यायालयापुढे आला तर तो सुटे सुटे खून, अपहरण आणि बेकायदा जमाव म्हणून चालेल. बस कुणी पाठवली, यादी कुणी केली, सुटका कुठल्या निकषावर झाली, हे सगळं कटाच्या कलमात बसवावं लागेल. कलम १९० मुळे सहभागींना शिक्षा होऊ शकेल. पण दूर राजधानीत बसून दल चालवणाऱ्या वरिष्ठाला केवळ कसुरीसाठी खुनाइतकं जबाबदार धरण्याची सोय आपल्याकडे नाही. प्रबंधाचा केंद्रबिंदू तिथे ठेवा. मार्तिचचा खालचा निकाल वाचताना आधी ह्रवात्स्का कोस्तायनित्सा परिसराचा, म्हणजे ह्रवात्स्का दुबित्सा आणि बाचिनचा, भाग वाचा, मग श्काब्रन्याचा, आणि त्यानंतर थेट अपिलातली नागरिकाच्या व्याख्येची चर्चा. हालिलोविचचा निकाल त्याच आठवड्यात वाचायला घ्या, एकाचा प्रभाव ओसरायच्या आत दुसरा वाचला तर दोन्ही जास्त कळतात.